बाळंतिणीच्या खोलीतली धुरी

आमचा फ्लॅट दाखवताना बिल्डरचा माणूस 'हायवे टच, हायवे टच' असं इतक्या भक्तिभावाने म्हणत होता, की गॅलरीखालून गंगाच वाहते आहे असं वाटावं. माझा नवरा डोंबिवलीत वाढला तो अशा घरात, जिथे खिडकीतून शेजारच्या इमारतीच्या न्हाणीघरांच्या जाळ्या दिसत. समोर काहीतरी लांबवर दिसतंय, एवढ्यावरच तो विरघळला. मी आपट्याची. पाताळगंगेच्या काठावर वाढलेल्या माणसाला लांबवर दिसण्याचं कौतुक नसतं. मी विचारलं, "धूळ किती येते?" तो माणूस म्हणाला, "मॅडम, पनवेलमध्ये डेव्हलपमेंट होतंय." हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं मला तेव्हा वाटलं. राहायला गेल्यावर कळलं, की तेच नेमकं उत्तर होतं.

ही दोन हजार सहा-सातची गोष्ट. गॅलरीसमोरून बंदराकडे जाणारे कंटेनर जायचे, खाणींतून खडी घेऊन येणारे डंपर जायचे, टँकर जायचे आणि सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याला भजी खायला निघालेली अर्धी मुंबई जायची. सकाळी कठडा पुसला तर संध्याकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता यायचं. नवऱ्याने एकदा स्वतःचं लिहिलंही. कौतुकाने लिहिलं की वैतागून, ते सांगता येणार नाही.

मी तेव्हा रसायनीकडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. येणाऱ्या मालाचे नमुने तपासायचे, ठरलेल्या मर्यादेत बसला तर पास, नाही बसला तर नापास. हे काम केलं की माणसाला एक खोड लागते. कोणी नुसतं 'जास्त' म्हणालं, की 'किती जास्त' असं तोंडून निघून जातं. नातेवाईक अशा माणसाला लग्नाकार्यात जरा लांब बसवतात.

दिवस गेले तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या काचेच्या दोन उथळ बशा वजन करून घरी आणल्या. एक गॅलरीच्या ग्रिलवर ठेवली, एक फ्रिजवर. आठवड्याने दोन्ही झाकून परत नेल्या आणि नाजूक तराजूवर घातल्या. बाहेरच्या बशीत आतल्यापेक्षा साधारण चौपट धूळ होती. मी नवऱ्याला बजावलं, की हा एकच नमुना आहे, एकाच आठवड्याचा, यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तो तोपर्यंत हार्डवेअरच्या दुकानात पोचलाही होता. तिथून तो फोमच्या पट्ट्या आणि चिकटटेपची भेंडोळी घेऊन आला आणि त्याने बेडरूमच्या खिडक्यांच्या फटी अशा बुजवल्या, की पाणबुडीवाल्यांनी येऊन पाहावं.

बाळंतपण माहेरी करायचं, पण आपट्यात हॉस्पिटल नाही. म्हणून माहेरच आमच्या फ्लॅटवर आलं. माहेर म्हणजे माझी आई. वडील गेल्यापासून ती गावातल्या घरात एकटी राहायची, शेती वाट्याने द्यायची आणि तोंडाने साऱ्या आळीला धाकात ठेवायची. ती रिक्षातून उतरली ती मातीची शेगडी, करवंट्यांचा कोळसा, गोवऱ्या, ओवा, वावडिंग, बाळंतशेपा आणि सुकवलेल्या लसणाच्या सालींची पिशवी घेऊन. खिडक्यांची टेप तिने बोटाने दाबून पाहिली आणि जावयाला म्हणाली, "झ्याक केलात. बाळंतिणीला वारा लागता नये."

सासू आणि जावई यांचं पूर्ण एकमत झाल्याचा हा आमच्या घरातला पहिला प्रसंग. एकाला हायवे आत यायला नको होता, दुसरीला वारा. टेप दोघांच्याही कामाची होती.

मग धुरी सुरू झाली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाळाला तेल लावून, कढत पाण्याने न्हाऊ घालून, गुंडाळलं, की शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा-वावडिंग टाकायचं आणि त्या धुरावर बाळाला वरच्या वर धरून फिरवायचं. मग शेगडी बाळंतिणीच्या बाजेखाली सारायची. बाज नव्हती म्हणून प्लायवुडचा बेड होता, त्याखाली शेगडी सारता येईना, तेव्हा आईने ती उशाशीच ठेवली. दार बंद, खिडक्यांना टेप. दोन्ही वेळा. मी, माझी आई आणि तिची आईही, सगळ्या याच धुरातून निघालेल्या. त्यामुळे कोणाला काही वावगं वाटण्याचा प्रश्नच नव्हता. वावगं फक्त वॉचमनला वाटलं. दाराखालून जिन्यात धूर आलेला पाहून तो बादली घेऊन वर आला.

"आग लगी है क्या?"

"बाळंतिणीची खोली हाय," आई दारातून म्हणाली. "पानी आनलंस तर ठेव. न्हानीला लागेल."

त्या काळात माझ्या बशा प्रयोगशाळेच्या कपाटात होत्या. त्या खोलीच्या हवेत काय होतं आणि किती होतं, ते मला माहीत नाही, आणि जे मोजलेलं नाही त्यावर मी बोलत नाही. डोळे चुरचुरायचे, एवढं सांगते.

लेक दीड वर्षाची झाली तरी हाक मारल्यावर वळेना. कान तपासले. कान उत्तम होते, शेजारच्या खोलीत डब्याचं झाकण उघडलं तर तिला ऐकू यायचं. ती गॅलरीच्या बंद काचेला नाक लावून उभी राहायची आणि ट्रकांची चाकं बघायची. ट्रक नाही, ड्रायव्हर नाही, चाकं. पाणी हवं असलं तर मागायची नाही, बोटही दाखवायची नाही. तुमचं मनगट धरायची, ओट्यापर्यंत न्यायची आणि तुमचा हात पेल्यावर नेऊन ठेवायची. चेहऱ्याकडे बघण्याची गरज नाही. हात आला की काम झालं.

मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्याशी खेळून बघितलं, आम्हाला खूप प्रश्न विचारले आणि सांगितलं, की हा ऑटिझम आहे, मराठीत स्वमग्नता म्हणतात. कागदावर जी लक्षणं लिहिली त्यांत 'दुसऱ्याचा हात अवजारासारखा वापरते' हेही होतं. घरी येऊन मी आईला ते वाचून दाखवलं.

"मंग काय झाला?" आई म्हणाली. "मी पन जावयाचा हात तसाच वापरते. पंखे पुसायला."

एवढ्यावर तिच्यापुरता विषय संपला. बाकीच्यांचा मात्र सुरू झाला. सासूबाईंनी डोंबिवलीहून फोनवर विचारलं, "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" मी म्हणाले, ग्रहणात मी कामावर होते, चिरलं असेल तर कँटीनने. शेजारणीचं मत पडलं, की टीव्हीमुळे होतं. आमच्या साहेबांच्या बायकोचं मत पडलं, की आई नोकरी करते म्हणून होतं. नवऱ्याच्या काकांनी कुलदैवताचं काही राहिलंय का, ते बघायला सांगितलं. मी सगळी कारणं ऐकून घेतली. त्यांच्यात एकमेकांशी जुळणारं काही नव्हतं, एक गोष्ट सोडून. प्रत्येक कारणात मी होते. चिरणारी मी, टीव्ही लावणारी मी, नोकरी करणारी मी आणि देवाचं विसरणारीही मीच. नवऱ्याचा या मुलीच्या जन्माशी काही संबंध आहे, ही शंका कोणालाच आली नव्हती.

आई एकटी कारण शोधत नव्हती. ती म्हणायची, "माजा मामा असाच होता. बोलायचा नाय. गुरं राखायचा. कुठल्या गाईनं कुठं शेण टाकलं तेवढा त्याला पक्का ठावं. कोनी नेला त्याला डॉक्टरकडं?" ती महिन्यातले बरेच दिवस आमच्याकडेच राहू लागली आणि तिचं नि लेकीचं एक वेगळंच दुकान चालू झालं. ते दुकान वालांचं.

आमच्या भागात वालाचं बिरडं नसेल तर घरात बाईमाणूस नाही असं समजतात. वाल भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा दाबायचा, म्हणजे सालातून डाळिंबी सटकन बाहेर येते. हे काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं. लेकीला नाही. दोन पाट मांडायचे, मध्ये परात. लेक दाणा सोलायची आणि परातीच्या काठाने ओळीत लावायची, सगळ्यांची पाठ एकाच बाजूला. माझ्यासारखीने 'अगं नुसते टाक' म्हणून चार वेळा मोडता घातला असता. आई स्वतः सोललेला दाणाही तिच्याच ओळीत, तिच्याच दिशेने लावायची. बोलणं जवळजवळ नाही. मग त्याच बिरड्याशी लेक भात खायची. तिच्या खाण्यातले पदार्थ एका हाताच्या बोटांवर मोजून वर अंगठा उरायचा. त्यात पोटभर खायचा हा एकच.

तिचा पहिला कामाचा शब्दही त्या पाटावर आला. मी बसायला गेले, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाय." नव्या मुंबईत तिला शिकवायला न्यायचो, तिथल्या बाई 'नको', 'नाही' असे शब्द चित्रं दाखवून घोटून घेत होत्या. लेक सगळ्यांना 'नाय' म्हणायची. बाईंनी मला विचारलं, घरी कोणती भाषा बोलता? मी म्हणाले, आजीची.

असं सगळं बरं चाललेलं असताना नवऱ्याने पेपर वाचला.

लेक तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. रविवारची सकाळ होती. आरोग्याच्या पानावर लेख होता, की गर्भारपणात आणि बाळाच्या पहिल्या काळात प्रदूषित हवा मिळाली, तर मुलाला स्वमग्नता असण्याची शक्यता काहीशी वाढते असं परदेशातल्या अभ्यासांत आढळतंय, त्यातही गाड्यांच्या धुरातले बारीक कण. नवऱ्याने तो मोठ्याने वाचायला घेतला. त्याच्या आवाजाला अशी धार मी हायवे टच फ्लॅटची चावी हातात आली तेव्हाही ऐकली नव्हती. शेवटी एकदाचं कारण सापडलं होतं, आणि त्यात बायको नव्हती. त्याबद्दल मला त्याचं कौतुकच आहे.

"शक्यता वाढते म्हणजे कारण ठरलं असं नाही," मी म्हणाले. "रस्त्याकडेच्या बहुतेक मुलांना काही होत नाही, आणि जंगलात राहणाऱ्यांनाही होतं."

"पण वाढते ना?"

"वाढत असेल."

"बस. मग हे ऐक." आणि त्याने पुढचंही वाचलं, की नुसतं रस्त्याचंच नाही, घरातला धूरही बाळांना वाईट. चूल, कोळसा, उदबत्त्या, बंद खोली. तो आपला वाचत गेला. त्याचं सगळं लक्ष ट्रकांवर होतं. माझं लक्ष त्याच्या चुका काढण्यावर होतं. आई आणि लेक पाटावर होत्या. वालाची सालं पडताना आवाज होत नाही, त्यामुळे ती पडायची थांबली तेही कळलं नाही.

दोन दिवसांनी आई आपट्याला गेली. म्हणाली, कौलं शाकारायचीत.

नवऱ्याने फ्लॅट विकायला काढला. आता बिल्डरच्या माणसाचं काम त्याच्याकडे आलं. गिऱ्हाईक आलं की तो गॅलरीचं दार उघडायचा आणि 'हायवे टच' असं म्हणायला जायचा, पण अर्ध्यावरच दार लावून घ्यायचा. एका जोडप्यातली बाई पोटुशी होती. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "धूळ येते का हो?" मी म्हणाले, "बाहेर आतल्याच्या चौपट. पण नमुना एकच होता." ते जोडपं परत आलं नाही. नवरा म्हणाला, "तुला विकायचाय का नाही?" मी म्हणाले, विकायचाय, पण तिला नाही. मग दुसऱ्या कोणाला, असं त्याने विचारलं, तेव्हा मला नाव सुचेना. आपण राहायचं नाही म्हणून ज्या हवेतून निघालो, तिथे कोणाला तरी बसवूनच निघावं लागतं. फ्लॅट विकला गेला नाही.

आणि या शोधाशोधीत मला माझ्याच धंद्याची एक गोष्ट टोचायला लागली. कारखान्यात एखादी बॅच नापास झाली, की आम्ही मागे मागे जाऊन कारण शोधायचो. कुठल्या पिंपातला माल, कुठल्या पाळीत, कोणी मिसळला. घरी तेच चाललं होतं. पण इथे नापास कोण झालं होतं? लेक तर गॅलरीत उभी राहून चाकं बघत होती आणि तिच्या मते सगळं ठीक होतं. ठीक नव्हतं ते एकच, आजी.

आजीला फोन केला तर उत्तरं तयार असायची.

"कधी येतेस?"

"पाऊस होऊ दे."

"पाऊस झाला."

"गनपती होऊ देत."

"आई, गणपतीत तू मला मोदकांचा डबा पाठवलास. गणपती झाले."

"मंग दिवाळी आलीच की."

इकडे लेक रोज सकाळी दोन पाट मांडायची, परात ठेवायची आणि एका पाटावर बसायची. दुसऱ्यावर मी बसले तर "नाय." नवरा बसला तर हात धरून उठवायची. मी वाल भिजवले, आईने सांगितलेल्या पद्धतीने, पाणी मोजून, कापड ओलं करून. लेकीने बिरडं तोंडात घेतलं आणि जसंच्या तसं ताटाच्या कडेला काढून ठेवलं. मग नुसता भातही सोडला. बिस्किटं आणि दूध एवढ्यावर आली. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टरांनी वजन बघून भुवया वर केल्या आणि विचारलं, घरात काही बदल झालाय का? मी म्हणाले, कौलं शाकारली जातायत.

दसरा झाल्यावर आम्ही गाडी काढली. लेकीने निघताना वालाचा डबा स्वतः उचलला, म्हणून तोही घेतला. कोन गावापाशी हायवे सोडून आत वळलो, तेव्हा तिने मागे वळून हायवेकडे एकदा पाहून घेतलं आणि मग डबा मांडीवर घट्ट धरून बसली.

आईने आम्हाला ओटीवरच बसवलं. कौलं जुनीच होती, एकही हललेलं नव्हतं. लेक सवयीने आत चुलीकडे निघाली, तर आई दारात आडवी झाली.

"आत नको. धूर हाय. पानी तापतंय."

"आई, हे काय चाललंय तुझं?"

"काय चाललंय? तुज्या नवऱ्यानं वाचला ना पेपर? मी काय बहिरी हाय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवऱ्याच्या डोक्यात तो जरा उशिरा पडला. तो कळवळून म्हणाला, "अहो आई, मी ट्रकांबद्दल वाचत होतो!"

"ट्रकाचा वाचलात, मंग घरातला पन वाचलात. ट्रकवाला काय आपल्या घरात बसला होता ऐकायला? मी बसले होते."

आई माझ्याकडे वळली. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले, जणू थंडी वाजते आहे.

"तू शिकलेली हायस. काचेत घालून बघतेस आन सांगतेस, पास का नापास. तर मला सांग. माज्या धुरीनं झाला का?"

आईच्या मागे उभा राहून नवरा मान इतक्या जोरात हलवत होता, की ती निखळून पडते की काय असं वाटलं. 'नाही' म्हण, 'नाही' म्हण. दुसरी कुठलीही मुलगी म्हणाली असती. मलाही म्हणावंसं वाटलं. पण मी न तपासता कशालाच 'पास' म्हणत नाही, ते माझ्या आईला माहीत होतं. मी आज खोटं बोलले असते, तर त्यानंतरचं माझं प्रत्येक खरं तिने नाक लावून तपासलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "धुराने शक्यता थोडी वाढत असेल. आपल्या पोरीत त्याने काही झालं की नाही, ते कोणालाच सांगता येणार नाही."

"मंजे माजा वाटा हाय."

"असेल. हायवेचा असेल. पोटुशी असताना मी कारखान्यात होते, तिथल्या हवेचा असेल. तुझ्या त्या मामाचा असेल. ह्याच्या घराण्याचा तर फारच असेल, ह्याचे काका लग्नाच्या पंगतीत बसून पंख्याची पाती मोजतात."

"ए," नवरा म्हणाला.

"कोनाचा किती?" आईने विचारलं. तिने आयुष्यभर शेत वाट्याने दिलं होतं. वाटा म्हटला की खळ्यावर ढीग पडले पाहिजेत, तुझा हा, माझा हा.

"ढीग पडत नाहीत गं. बिरड्यात मीठ घातल्यावर कुठल्या दाण्यात किती गेलं ते सांगता येतं का?"

"तरी नाय म्हन की."

"नाही म्हणता येत नाही."

"लहानपनापासनं अशीच तू. मामीनं इचारला साडी कशी दिसते, तर सगळ्यांसमोर बोललीस, मागून बरी दिसते." तिचे डोळे भरले होते आणि ती माझ्यावर चिडलीही होती, आणि या दोन्हींतलं कशामुळे काय, तेही वेगळं करता येण्यासारखं नव्हतं. "माज्या हातानं धरून फिरवला मी तिला धुरावर. याच हातानं. आता कशाला लावू तो हात पोरीला?"

माझ्याकडे जे खरं होतं ते मी बोलून बसले होते, आणि त्याने काही झालं नव्हतं.

लेकीला आमच्या बोलण्याशी देणंघेणं नव्हतं. तिने भिंतीला उभी करून ठेवलेली परात ओढत आणली. कोपऱ्यातले दोन पाट आणले. डबा उघडला. एका पाटावर बसून एक दाणा सोलला, परातीच्या काठाला लावला, आणि थांबली. दुसरा पाट रिकामा होता. ती उठली, आईपाशी आली, तोंडाकडे बघितलंही नाही. पदरात हात घालून आईचं उजवं मनगट शोधलं, हात बाहेर ओढला आणि तिला तसाच पाटापर्यंत नेऊन तो हात वालांवर ठेवला. आईने हात काढून घेतला. लेकीने पुन्हा मनगट धरून तो जागच्या जागी ठेवला, झाकण नीट बसलं नाही तर आपण पुन्हा बसवतो तसा. डॉक्टरांनी लक्षण म्हणून जे लिहून दिलं होतं तेच, जसंच्या तसं.

तिसऱ्यांदा आईने हात काढला नाही. ती पाटावर बसली. बोटं आपोआप चालू लागली. तिने दाणा सोलला, ओळीत लावायला गेली, क्षणभर थांबून पाठ कुठल्या बाजूला आहे ते बघितलं आणि तसाच लावला.

"बघ," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "हिला वाटा नको. हिला हात पायजे." नाक ओढलं, अजून एक दाणा दाबला, तो सटकेना. "आन हे वाल कोनी भिजवले? दगड हायत दगड."

त्या दुपारी लेकीने त्या दगडांचंच बिरडं भातासकट खाल्लं, आणि नवऱ्याने भांडी घासली. कोणी सांगितलं नव्हतं.

आई पनवेलला परत आली ती कायदे करतच. घरात उदबत्ती नाही. फोडणी खिडकी उघडी असल्याशिवाय नाही. जुन्या शेगडीत तिने कोथिंबीर लावली. नवऱ्याने हवा शुद्ध करायचं यंत्र आणलं, त्यावर ती ओली फडकी वाळत घालते. यंत्राचा त्यापलीकडे किती उपयोग होतो ते सांगता येईल इतके नमुने अजून माझ्याकडे नाहीत. खरी अडचण खिडकीची होती. बंद ठेवली तर आतला धूर आत, उघडली तर बाहेरचा हायवे आत. यावर माझ्याकडे तोडगा नव्हता, नवऱ्याकडेही नव्हता. तोडगा लेकीकडून निघाला, तिचा तसा काही इरादा नसताना. ती काचेपाशी उभी असतेच. दुपारी अवजड गाड्यांना बंदी लागली, की समोरचा रस्ता थोडा वेळ मोकळा होतो आणि बघायला चाकं उरत नाहीत. तेव्हा ती नाराजीने म्हणते, "गाडी नाय." आई तेवढ्यात खिडकी सरकवते आणि कढई चढवते. बशा ठेवून पाहिल्या. थोडा फरक पडतो. फार नाही.

मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावर बाळ आलं. एका सकाळी जिन्यातून ओव्याचा धूर वर आला. आईने नाक वर केलं, परात बाजूला सारली आणि चपला घालून खाली गेली. दुपार व्हायला आली तेव्हा परतली.

"काय सांगितलंस त्यांना?"

"सांगितला, शेगडी इझवा. ओव्याची पुरचुंडी बांधा, तव्यावर गरम करा आन शेका. आन खिडकी उघडा."

"मग?"

"ती बाळाची म्हातारी आजी बोलते, खिडकी उघडली तर ट्रकांचा धूर येतो. मंग काय बोलनार? दोघी बसलो गप."

दोघी म्हाताऱ्या बंद खोलीत एकमेकींकडे बघत बसल्या आहेत, हे चित्र मला दिसलं. आई पुन्हा पाटावर बसली. लेकीने तिचं मनगट धरून हात परातीत नेऊन ठेवला, उशीर झाला होता म्हणून. मग उठून काचेपाशी गेली, जरा वेळ उभी राहिली आणि तिरसटपणे म्हणाली, "गाडी नाय."

आई गुडघ्यावर हात टेकत उठली, गॅलरीचं दार उघडून कठड्यावरून वाकली आणि खालच्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडली, "उघड गो खिडकी! पोरगी बोलते, गाडी नाय!"

खाली खिडकी सरकल्याचा आवाज आला.